शेवटून कापा

तुर्कूच्या एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं
मी रात्रपाळीचा उपसंपादक होतो.
मैफल नऊला संपायची.
सव्वादहाला हिल्क्का वुओरेलाचा मजकूर यायचा,
आधी टेलिफोनवरून, स्वल्पविरामांसकट उच्चारलेला,
पुढे फॅक्सवर, पुढे पडद्यावर.
तिचा पहिला प्रश्न ठरलेला : आज किती ओळी?
नव्वद, मी म्हणायचो, तेव्हा.

आमच्या धंद्यातला नियम सोपा : शेवटून कापा.
आग कुठं लागली, किती मेले, ते वर;
शेपूट खाली, शेपटाला कात्री.
हिल्क्काला हे कधी जमलं नाही.
ती सुरुवात करायची सभागृहातल्या खोकल्यापासून,
ओल्या लोकरीच्या वासापासून,
खुर्ची पुढेमागे सरकवत राहिलेल्या चेलोवाल्यापासून,
आणि म्हणायचं असेल ते शेवटच्या चार ओळींत.
म्हणजे नेमकं तेच
मी कापत होतो.

नव्वदच्या साठ झाल्या. वरून चिठ्ठी आली.
साठच्या पस्तीस.
एका नाताळात टायरच्या जाहिरातीनं आणखी नऊ खाल्ल्या.
ती भांडली एकदाच, एका शब्दासाठी.
'हळू' काढ हवं तर, म्हणाली, 'बिचकत' राहू दे.
तो हॉर्नवाला बिचकत वाजवत होता.
उद्या सकाळी चहा पिताना
हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना?
मी 'बिचकत' ठेवलं.
ओळ वाढली, म्हणून तिचं नाव
आद्याक्षरांवर आणलं.

मग तारे आले. पाचापैकी किती, तेवढं कळवा.
त्या रात्री तिनं एकच वाक्य पाठवलं :
"चार व्हायोलावाले आज एकमेकांकडे न बघता
एकदमच श्वास घेत होते. याचे किती?"
मी घड्याळ पाहिलं.
तीन छापले.

आता खरं सांगतो.
या एकतीस वर्षांत मी एकही मैफल ऐकली नाही.
मैफलीची वेळ तीच माझ्या पाळीची.
ओबो कसा वाजतो, हे मला ठाऊक
ते तिच्या कापलेल्या ओळींमधून.
न्हावी काही केस साठवत नाही.
मी साठवले, बुटांच्या खोक्यात.
का, ते विचारू नका.

निवृत्त झालो त्या नोव्हेंबरात तिकीट काढलं.
अकरावी रांग, खांबाशेजारी.
पहिला भाग नुसताच मोठ्यानं गेला अंगावरून.
दुसऱ्यात सगळे थांबले, ओबो एकटा उरला,
आणि मला खोक्यातली ओळ ऐकू आली,
अठ्ठ्याण्णव सालची, जागेअभावी गेलेली :
"घरात कुणी नाही हे ठाऊक असून
हा सूर दार ठोठावतो."
मग एकेक ठोका ऐकू यायला लागला.
मधली शांतताही, दाराला कान लावल्यासारखी.

टाळ्या संपायच्या आत
शेजारच्या मुलानं फोनवर पाच तारे टिचकवले,
अगदी मनापासून. डोळे ओले होते त्याचे.
त्यालाही काहीतरी झालं होतं,
आणि ते काय, हे शोधायला
उद्याच्या पानात त्याच्यासाठी कुणी नव्हतं.
पानातली ती जागा मीच मोकळी केली होती,
ओळ ओळ करून.

कोटांच्या रांगेत ती पुढे उभी. काठी, राखाडी टोपी.
माफ करा, म्हणालो, आणि ती वळली;
चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखलं तिनं मला.
कशी झाली? मी विचारलं.
तू सांग, म्हणाली. दुसरा भाग.
किती ओळी?
सवयीनं निघून गेलं माझ्या तोंडून.

ती हसली नाही.
कोटाच्या एका बाहीत हात, दुसरी लोंबती,
तशीच उभी राहिली, कान माझ्याकडे करून.
मागची रांग कुरकुरायला लागली.
मला काही सुचेना.
मग मी सुरुवात केली,
खोकल्यापासून.