बहिणीची प्रत

ख्रोनिंगन, फेब्रुवारी. रात्रीचे दोन.
तळघरात दिवे बंद. उजेड इथे मोजून वापरतात.
लेझरच्या चिमटीत दोन मणी,
मण्यांमध्ये ताणलेला एकेरी धागा,
दार आपटलं वरच्या मजल्यावर तरी थरथरणारा.

हिरवी चमक लावलेलं रॅड-५१ मी सोडते
आणि बसून राहते.
आधी काहीच नाही. मग एक ठिपका.
बऱ्याच वेळानं त्याच्या शेजारी दुसरा.
धागा लांबत जातो, झोपेत आळस दिल्यासारखा,
दीडपट.

सीब्रेन, ज्याच्या हाताखाली मी शिकले, म्हणायचा:
तुटलं की लगेच जोडू नये.
घाईनं जोडणारेही आहेत पेशीत,
दोन टोकं दिसली की चिकटवली,
मधली अक्षरं गेली तर गेली.
हे दुसरे मात्र आधी आणखी उसवतात.
एक पदर कुरतडत मागे नेतात,
दुसरा उघडा पाडतात,
मग बीआरसीए-टू नावाचं ते अवाढव्य प्रथिन
रॅड-५१ला बोट धरून तिथवर आणतं,
बसवतं, एकेक.

आणि उघडा धागा बहिणीला शोधायला निघतो.
बहीणच म्हणतात तिला, पुस्तकातसुद्धा.
नुकतीच उतरवलेली त्याचीच प्रत,
पेशी दुभंगेपर्यंत, काही तासच, शेजारी असणारी.
तो चाचपत तिच्यात शिरतो:
इथे मी काय होतो गं?
ती उलगडते.
तो गेलेलं लिहून घेतो.

माझ्या कोटाच्या खिशात हॉस्पिटलचं पाकीट आहे,
गुरुवारपासून.
येल्चेनं तिचं केव्हाच फोडलं. तिच्यात तो दोष नाही.
आमच्या आईत होता.

चार वाजता येल्चे गोठ्यात असते.
मी फोन लावला. मागे दूध काढायच्या यंत्राची धपधप.
विचारायचं होतं एक, विचारलं भलतंच:
बाबांच्या होडीवर काय लिहिलं होतं?
सुरुवात आठवते, शेपूट नाही.

तिनं अक्षरं सांगितली, सावकाश,
मध्ये एका गाईला दटावत.
कागद नव्हता हाताशी.
मी ती पाकिटाच्या पाठीवर लिहिली.

"आणि ते?" तिनं विचारलं.
थांब, म्हटलं,
अजून एक ठिपका यायचाय.