डाबो के जमणो

केयूरनं मशीन उजवीकडे लावलंय,
कारण प्लग तिकडेच आहे.
हसळीच्या हाडावर जेल लावून झालं,
पडद्यावर नसा, काळ्या द्राक्षांचा घड,
शेजारी धमनी उडतेय.
सुई माझ्या हातात.

थांब.

हे मी मोठ्यानं म्हणते, दर वेळी,
स्वतःलाच. सगळं बरोबर असलं तरी.
नवी मुलं सुरुवातीला हसतात.

दोन्ही हात हिरव्या चादरीखाली,
खांद्यावरचा शाईचा बाण
पहाटेच्या आंघोळीत गेला.
मी वाकून विचारते,
झवेरबेन, कयो हाथ? डाबो के जमणो?
पादऱ्याची वांगी तोडून खरखरीत झालेल्या आवाजात ती म्हणते,
डाबो, बेन. जमणो तो साजो छे.

केयूरचा चेहरा मास्कमध्येही दिसतो.

जमणो. जेवणारा हात.
दांडिया बाजारात वाढले मी,
दोन्ही भाषा एकाच ताटात,
तरी हा शब्द कळायला
अठ्ठ्याण्णव साल उजाडावं लागलं.
उत्तरायणचा दुसरा दिवस,
मांज्यानं डावा तळवा चिरलेला पोरगा,
आणि मी बधीर केला उजवा.
मग डावाही. ऑपरेशन तर व्हायचंच होतं.
सकाळपर्यंत दोन उशांवर दोन हात,
कुणा तिसऱ्याचे असावेत तसे.
आई खिचडी भरवत होती.
मी सांगितलं तिला, चूक माझी.
ती घास कालवता कालवता म्हणाली,
थाकी गया हशो, बेन.
भांडली असती
तर एव्हाना विसरले असते मी.

परवीन सिस्टर एक्स्टेन्शनची वायर शोधून आणते.
मशीन इकडे. पुन्हा जेल, पुन्हा घड.
पाच मिली. थांबून दट्ट्या मागे ओढायचा,
रक्त नाही. पुन्हा पाच.
घाई करणाऱ्या सर्जनकडे बघायचं नाही.
बोलत राहा, झवेरबेन,
जीभ जड वाटते? कानात शिटी?
तोंडात लोखंडाची चव?
ती म्हणते, चहाची आठवण येते फक्त,
आणि मग वांग्याला लागणाऱ्या अळीबद्दल
इतकं सांगते की केयूर विचारतो, औषध कुठलं मारता?

वीस मिनिटांनी ती घाबरून बघते,
मारो हाथ क्यां गयो?
मी तो उचलून तिला दाखवते.
आहे. माझ्याकडे आहे.

दुधासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली
ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात.
औषध रक्तात गेलं, हृदय अडखळलं
तर तीच.
दर सोमवारी तारीख बघते,
संपत आली की नवी मागवते.
स्टोअरमधला बारोट रजिस्टर पुढे सरकवतो,
मॅडम, अकरा वर्षांत एकदाही उघडली नाही.
नाही, मी म्हणते,
आणि सही करते.