सुकतीचं काम

एदुविना बारिया भरती-ओहोटीचं कोष्टक बघत नाही.
टिटव्या दगडांवरून खाली उतरल्या
की ती चुलीवरची किटली बाजूला सारते,
बूट चढवते,
आणि चिखलाच्या उताराने खाली येते,
एका हातात पाटी, दुसऱ्यात रिकामं पोतं.

चिलोएच्या या अंगाला समुद्र असा मागे सरतो,
वाण्याला पाहून उधारीचं गिऱ्हाईक सटकावं तसा,
थेट पलीकडच्या बेटापर्यंत.
होड्या कुशीवर पडून राहतात.
आणि उघड्या पडलेल्या तळावर ती ओणवी.

आधी शिनाण्यांची टरफलं, जांभळी बाजू वर.
मग तिसऱ्यांची, पांढरी.
मग मीठ खाऊन राखाडी झालेली लाकडं,
कुणाच्या तरी छपराच्या फळ्या,
कोचायुयो शेवाळाच्या लांब वेण्या. त्या ती उकलत नाही,
नुसत्या वळवते,
शाळेला उशीर झालेल्या पोरीचं डोकं धरून वळवावं तशा.
एक भलंमोठं वळण होत जातं. गोल म्हणावं तर गोल नाही.
मी एकदा विचारलं, हा काय, शंख? भोवरा?
म्हणाली, बटाटे काढल्यावर शेतात उरतं ना,
तसं काहीतरी.
मग म्हणाली, ते टोक धर.

मी टोक धरलं.
निळा दोर.
ओळखला मी. आमच्याच सॅल्मनच्या पिंजऱ्यांचा,
मे महिन्यातल्या वादळात कापून सोडलेला,
वहीत "हरवला" असं लिहिलेलं, खाली सही माझी.
तो तिने मांडणीत घेतला नाही.
पोत्यात टाकला. त्यावर थर्मोकोल,
माशांच्या खाद्याची पिशवी, अर्धा तरंगता गोळा,
केस झडलेला टूथब्रश.
म्हणाली, ज्याला जे पचतं तेच त्याला वाढावं.
माझ्याकडे पाहिलं नाही.
बरं झालं.

गेल्या उन्हाळ्यात कास्त्रोहून पोरं आली, ड्रोन घेऊन.
वरून फार छान दिसतं, म्हणाली.
वरून कोण बघतंय, गिधाडं?
त्यांनी मांडणीचं नाव विचारलं.
तिने स्वतःचं सांगितलं, आडनावासकट,
आणि पोरांनी ते लिहून घेतलं.

पाणी येताना आवाज करत नाही.
आधी चिखलातली भोकं भरतात,
मग टरफलं एकेक करून उचलली जातात,
काही उताणी तरंगतात, क्षणभर,
जमलं असं वाटण्याइतकी,
आणि भरून बुडतात.
लाकडं आपापल्या वाटेने निघतात. वेण्या सुटतात.
दोन तास चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलंय.
ती थांबत नाही कधी शेवट बघायला.
घरी चूल विझत आलेली असते.

तिच्या घरामागे पोती आहेत.
एकशे बारापर्यंत मोजली, पुढे कुंपण आलं.
पाऊस पडतो, पडतच राहतो, त्यातलं काही कुजत नाही.
एवढ्या वर्षांच्या मांडण्या,
एकीचाही मागमूस नाही,
आणि हे एवढं मात्र कसं नीट राहिलंय,
तोंडं बांधून, रांगेत.

दाराशी एक पिवळा बूट आहे.
डाव्या पायाचा. पुरुषाचा.
तोही समुद्रानेच आणलेला,
पण ना मांडणीत गेला, ना पोत्यात.
माती भरून तिने त्यात कोथिंबीर लावली आहे.
गावात कुणी विचारत नाही.
असले बूट कंपनी सगळ्यांनाच देते, म्हणतात.
खरंय ते.
माझ्याही पायात तेच आहेत.

आज सुकती पहाटेची. मी रजा टाकली आहे.
उतारावर तिला गाठलं,
म्हटलं, पोतं द्या माझ्याकडे.
तिने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.
पाटी घे, म्हणाली.
आणि लक्षात ठेव,
जांभळी बाजू वर.