उमेदवारी

पहिल्या दिवशी पाळकबाईंनी माझ्या हातात
किल्ल्यांचा जुडगा दिला. एकूण अकरा.
त्यातल्या चार कशाच्या, हे आता कुणालाच ठाऊक नाही.
"राहू देत," डेलोरेस हिनरिक्स म्हणाल्या,
"निघायचं एखादं दार अचानक."

उत्तर डकोटा. चारी दिशांना साखरेच्या बिटाची शेतं,
जमीन इतकी सपाट
की शववाहिका निघाली तर
गावाला वीस मिनिटं आधी दिसते.
मी वीस वर्षांची, विषय जीवशास्त्र,
आणि वसंतात भरलेला एक अर्ज:
सेवाकार्याची चाचपणी, दहा आठवडे,
राहण्याची सोय, मानधन थोडे.
थोडे म्हणजे खरंच थोडे.

मी विचारलं, पाळक म्हणजे नेमकं काय पाळायचं असतं?
"वेळ," बाई म्हणाल्या. "आधी वेळ पाळ."

तीन आठवडे मी कागद दुमडले,
रविवारच्या उपासनेचे, मधोमध, नखाने घडी दाबत.
तळघरात चाळीस कपांची किटली मांडली.
बटाट्याचं सॅलड कुणाचं खायचं
आणि कुणाचं नुसतंच वाखाणायचं, तेही शिकले.

दुसरा उमेदवार एल्डन व्रूमन.
आवाज असा की साध्या सूचना वाचल्या
तरी मागच्या बाकावरची म्हातारी डोळे पुसायची.
सहाव्या आठवड्यात तो गेला,
मामाच्या हाताखाली छपरं शाकारायला.
देवाशी काही बिनसलं नाही म्हणाला,
फक्त संध्याकाळी हात दुखले पाहिजेत.
त्याची खुर्ची आम्ही हलवली नाही. मग एकदा लागली, तेव्हा हलवली.

आणि ऑर्व्हिल ट्वेट, वृद्धाश्रम, खोली नऊ.
प्रार्थना नको म्हणाले. स्तोत्र नको.
"शिकतेस काय? जीवशास्त्र?
मग सांग, त्रेसष्ट साली माझ्या बिटांची काळजं का कुजली?"
मी तीन दिवसांनी उत्तर घेऊन गेले:
मातीत बोरॉन कमी असलं
की बीट वरून हिरवं राहतं आणि आतून काळं पडतं.
ते बराच वेळ खिडकीकडे बघत होते.
"म्हणजे लव्हॉनचं म्हणणं खरं होतं. माझी चूक नव्हती."
लव्हॉन कोण, मी विचारलं नाही. भिंतीवर होती ती, टोपी घालून.
"बरं, आता म्हण तुझं ते," म्हणाले आणि हात पुढे केला.
मी म्हटलं, हे प्रभू,
आणि पुढचं सगळं, पाठ केलेलं सगळं, गेलं.
ऑक्सिजनचं यंत्र तेवढं बोलत राहिलं.
"आमेन," ऑर्व्हिल म्हणाले. "पुष्कळ झालं."

आठव्या आठवड्यात त्यांच्या कबरीपाशी
वारा कागद फडफडवत होता
आणि मी वाचलं: तुझा सेवक ऑस्कर.
कुणी हललं नाही. एक नात हसली, मग रडली.
ऑस्कर त्यांचा थोरला भाऊ,
शेजारच्याच दगडाखाली, एकोणीसशे अठ्ठावन्नपासून.
गाडीत मी तोंड लपवून बसले होते.
बाईंनी गिअर टाकला.
"त्याच्यासाठी कुणी आलं नव्हतं किती वर्षांत," म्हणाल्या,
आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबल्या.

शेवटच्या दुपारी त्या चार किल्ल्या घेऊन
मी सगळी इमारत फिरले.
एकही कुठे लागली नाही.
जुडगा परत दिला, अकरा मोजून.
बाईंनी पुन्हा मोजल्या नाहीत.

टेबलावर कॉलेजचा फॉर्म होता.
पाचारण जाणवले का? होय. नाही. सांगता येत नाही.
तीन रिकामे चौकोन, लहान,
पेन टेकवलं तरी भरतील असे.
मी ते सोडून खालच्या ओळीवर गेले,
पुढील उमेदवारासाठी सूचना,
आणि नीट अक्षरात लिहिलं:
किटली शनिवारी रात्रीच भरून ठेव.
सकाळी तळघरातल्या नळाला
पाणी फार हळू येतं.