मेघश्याम, आधी खिसे बघ

रात्री साडेअकराला तुझा फोन:
"वहिनी, सगळं गुलाबी झालंय."
हसले मी, खरं सांगते, पांघरुणात तोंड खुपसून.
शेजारी तुझा दादा घोरत होता.
मशीनचं दार डावीकडे उघडतं की उजवीकडे,
बत्तीस वर्षांत त्याला ठाऊक नाही.
तू निदान बुडवून तरी बघितलंस.
हसण्यात सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते.

आधी खिसे बघ.
टिश्यूचा एक कपटा काळ्या पँटींवर
अख्खा हिवाळा पसरतो,
आणि मिहिकाच्या खिशात गोगलगाय असू शकते, जिवंत.

नवं लाल फार मनमोकळं असतं,
पहिल्या भेटीतच सगळं सांगून टाकतं.
तीन धुणी त्याला एकटंच बोलू दे.

मशीन गळ्यापर्यंत भरू नकोस.
वर आडवा हात मावला पाहिजे,
कपड्यांनाही कूस बदलावी लागते.
पावडर निम्मी. इथलं पाणी मऊ आहे, लगेच फेसाळतं.

गुडघ्याचं रक्त गारच पाण्यात;
गरम लागलं की ते कायमचं राहायला येतं.
हळद साबण पाहून लाल होईल. घाबरू नकोस, धू,
आणि उरलेला पिवळेपणा खिडकीत ठेव.
ॲबर्डीनचं ऊन म्हणजे पाणी घातलेलं ताक,
पण हळदीला तेवढं पुरतं.
जून असेल तर दोन दिवस.
जानेवारी असेल तर डाग आपला म्हण.

लोकर पिळायची नाही.
टॉवेलात गुंडाळ आणि पोरांना वर नाचू दे.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात,
स्वेटरचंही तेच.

आता वाळवणं.
पेझलीला आलो तेव्हा मागच्या हिरवळीवर
चार खांब, आठ घरं, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला.
आमचा मंगळवार. मला वाटलं, अगंबाई, इथेही वार पाळतात!
पहिल्याच मंगळवारी मी सगळं भसाभस टाकलं,
आतले कपडे रस्त्याकडच्या दोरीवर.
तळमजल्याच्या मिसेस गिलक्रिस्ट सपाता घालून बाहेर आल्या.
काही बोलल्या नाहीत.
चादरी कडेला घेतल्या, आतलं मधल्या दोरीवर,
शर्ट उलटे, चिमटे खालच्या शिवणीला.
मग माझं पातळ उचललं,
उलगडत गेल्या, उलगडतच गेल्या,
आणि विचारलं, ह्याला चिमटे किती?
मलाही माहीत नव्हतं.
दोघींनी एकेक टोक धरलं तेवढ्यात वारा आला.

घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, बरोबर.
वाळवायला हरकत नाही,
चादरी कडेला असल्या की झालं.

एक राहिलं.
गुरुवारी नियती रिगवरून येईल.
तिची बॅग दारातच रिकामी कर, चहाच्याही आधी.
तिकडे शंभर माणसांचे कपडे एकाच साबणात फिरतात.
मागच्या वेळी मिहिका दीड दिवस तिच्याकडे गेली नाही,
तू म्हणालास, रुसलीय.
रुसली नव्हती रे. तिला वास ओळखू येत नव्हता.
चाळीस अंश, घरची पावडर, निम्मीच.
बाहेर पाऊस असेल, असणारच,
तर मशीनला दोनदा पिळायला लाव,
रेडिएटरवर टाकू नकोस, भिंती ओल धरतात.
खुर्च्यांच्या पाठींवर, अंतर ठेवून,
खिडकी बोटभर उघडी.

गुलाबी शर्ट टाकून देऊ नकोस.
एक घालून हेलिपोर्टवर जा,
सगळ्या नारिंगी जॅकिटांमधून
तू तिला लांबूनच दिसशील.

आणि धुणं झालं की मशीनचं दार उघडं ठेव,
नाहीतर आत कुबट होतं.

हे फ्रीजवर लाव.
दादाला सांगू नकोस मी एवढं लिहिलं,
त्याला वाटेल, त्याच्यासाठीच आहे.
तसं आहेही.