सारखं

रात्रशाळेत अकरावीला अलंकार शिकवतो मी,
परळला, तिसऱ्या मजल्यावर.
दिवसा तिथे दुसरी शाळा भरते,
फळ्यावर तिच्या गणितांच्या शेपट्या उरलेल्या असतात.

उपमेला दोघं लागतात, असं सांगतो.
एक हे, एक ते, आणि मधे 'सारखं'.
ओढ्यावर साकव असतो ना, तसं.
साकव यांना माहीत नसतो,
मग म्हणतो, बरं, स्कायवॉक समजा.

या खेपेला गोष्ट लिहायला दिली.
विषय त्यांनीच निवडला : मोबाइल आणि माणूस.
सत्तावीस पानं आली. वीसेकांत
मोबाइल राक्षस होता, विळखा होता,
एकात तर आजगर, काना जास्तीचा घेऊन.
मी लाल पेनानं आजगर सोडवत बसलो.
शेवटी सगळीकडे अश्रू ओघळले.

अश्लेषा नाचणकरचं पान कोरडं होतं.
ती दिवसभर घाटकोपर स्टेशनबाहेर
एका टपरीत स्क्रीनगार्ड चिकटवते.
तिनं लिहिलं होतं :
"आमच्या खोलीत रात्री दिवा लावत नाहीत.
चार चेहरे आपापले उजळलेले असतात.
पंख्याचा आवाज ऐकू येतो,
कारण दुसरा कुणाचा येत नाही.
आम्ही बुडबुड्यांसारखे आहोत,
एकाच काचेखाली.
कार्डाच्या कडेनं ढकललं तर एक सरकतो
आणि कुणाला न लागता बाहेर निघून जातो."

मी पेनाला टोपण लावलं.
'एकाकी' हा शब्द नव्हता कुठेच. शोधला मी.

पूर्ण गोष्टीत संवाद एकच.
आई ओट्यापाशी उभी राहून विचारते,
"सारखं काय बघता त्यात?"
कुणी मान वर करत नाही.

तिथे अडलो.
सारखं.
वीस वर्षं ज्याला मी साकव म्हणत आलो,
तो त्या बाईच्या तोंडी
नुसता पुन्हापुन्हा होता, थांबायचं नाव नाही.
शब्द तोच. दोन्ही काठ गेलेले.

आणि शेवटचं वाक्य :
"मग आई आईसारखी बसून राहिली."

समासात लिहायला घेतलं : अनन्वय.
पुस्तकात हा अलंकार गौरवाचा असतो.
ज्याला जगात जोड नाही
ते त्याच्याचसारखं.
दरवर्षी मी हे मोठेपण म्हणून शिकवलं,
मुलांनी तसंच लिहून मार्क घेतले.
जोड नसते तेव्हा संध्याकाळी काय होतं,
ते सतरा वर्षांच्या मुलीनं
फुलस्केपच्या तळाशी ठेवून दिलं होतं,
बहुतेक अलंकाराचं नावही न आठवता.

दहापैकी नऊ दिले.
एक का कापला, नीट सांगता येणार नाही.
'बुडबुडे'चा पहिला उकार दीर्घ होता म्हणून,
किंवा मास्तरकी.

प्रतीक्षानगरला पोचलो तेव्हा साडेअकरा.
कुलूप काढलं. दिवा लावायचा राहिला.
टोरंटोहून निनादचं आलं होतं : एक पिवळा अंगठा,
माझ्या मंगळवारच्या "जेवलास का?"ला.
अंगठ्याला काय उत्तर द्यायचं
हे ठरवत दाराशीच उभा राहिलो, चप्पल पायात.
माझाही चेहरा उजळला असणार.
बघायला कुणी नव्हतं,
म्हणजे तसं खात्रीनं म्हणता येत नाही.

भिंतीवर चार्जरचा लाल ठिपका.
कशासारखा म्हणावा, सुचेना.
मास्तर माणूस, सवयीनं दोन-तीन उपमाने लावून पाहिली,
एकही बसलं नाही.
लाल ठिपका लाल ठिपक्यासारखा होता.

उद्या तिचा तो एक मार्क
देऊन टाकायचा.