चढ महावितरणचा

डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला.
मी सायकल बदलली.

तेवीस किलोचं हे काळं धूड
लिफ्टमध्ये तिरकं उभं करावं लागतं,
पुढचं चाक वर, हँडल माझ्या पोटात.
बॅटरी रात्रभर ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी.
सकाळी पाच हिरवे ठिपके दिसले
की मी बूट घालते.

गुप्ते
(लग्नाला चौतीस वर्षं झाली,
मी त्यांना अजून गुप्तेच म्हणते)
आपल्या जुन्या सायकलच्या चेनला तेल देत
काही बोलत नाहीत.
हे न बोलणं मला पाठ आहे.

उपवनला चहाच्या टपरीवर नेहमीचे पाचजण.
कर्णिक म्हणाले, वहिनी, ही लबाडी झाली.
पाय तुमचे, पण चढ महावितरणचा.
पेंडसे म्हणाले, अजून दहा वर्षांनी
पायानं चालणारी सायकल
भंगारवाल्याकडेही मिळायची नाही.
मी म्हटलं, मिक्सर येऊन किती वर्षं झाली?
पाटा आहे माझ्याकडे, सिलिंडरच्या मागे.
ठेच्यापुरता निघतो.
कोणी हसलं नाही.
ग्लास ठेवले, निघालो.

वनखात्याच्या नाक्यापर्यंत सगळे बरोबर.
मग ते वळण, जिथं येऊरचा रस्ता
आडवा पडायचा सोडून उभाच राहतो.
एकवीस वर्षं या वळणावर
मी गुप्त्यांची पाठ पाहिलीय.
निळा टी-शर्ट, मग पिवळा, मग पुन्हा निळा,
मणक्यावर घामाचं लांबट बेट.
आधी हाताच्या अंतरावर,
मग विजेच्या एका खांबाइतकी लांब,
मग वळणाआड.
वर पोचावं तर ते थांबलेले,
केळं मोडून माझं अर्धं राखलेलं.
"आलीस?"
एवढंच म्हणायचे.

आज अंगठ्याखालचं बटण दाबलं.
कुणीतरी पाठीवर हात ठेवावा
आणि ढकलतोय हे कळू देऊ नये, तसं झालं.
कुसुमाची लाल पालवी भराभर मागे सरकली.
तांबट ठोकत होता कुठंतरी, टुक टुक टुक,
एरवी त्या ठोक्यावर मी पेडल मारते.
आज तो मागे पडला.
कर्णिक मागे पडले. पेंडसे.
गुप्ते थोडा वेळ शेजारी होते,
मग नुसता त्यांच्या चेनचा आवाज,
मग तोही नाही.
सायकलला आरसा नसतो. बरं आहे.

वर पोचले. थांबले.
थांबणं हेही काम असतं
हे एकवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
केळं काढलं, कुठं मोडावं कळेना.
गुडघा चकार शब्द बोलत नव्हता
आणि मला करमत नव्हतं.

पहिली वर आली ती पाटोणपाड्याची सुगंधा.
बापाची दांडीची सायकल, गिअर नाही, घंटी नाही,
सीटवर न टेकता, उभ्यानं पेडल मारत,
कॅरियरवर धाकटा भाऊ,
भावाच्या मांडीवर कागदात पावाची लादी.
एक पाय टेकून माझ्या सायकलकडे बघत म्हणाली,
"हिला किती लागतं, आजी?"
मला आकडा सांगायची लाज वाटली.
"तसं नाय. चार्जिंगला किती तास?
आमच्याकडं लाइट जाते रात्रीची."
"चार," मी म्हटलं.
"हं," ती म्हणाली. भावाला म्हणाली, "धरून बस, उतार आहे,"
आणि गेली.

मग गुप्ते.
तोंड उघडं, चेहरा कुसुमाच्या पालवीचा,
चेन एका दातावर खट्ट, खट्ट.
मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.
निघालं एवढंच, "आलात?"

त्यांनी अर्धं केळं घेतलं.
खाऊन होईपर्यंत श्वास मोजत राहिले,
मग विचारलं,
"उतारावर हिची मोटर चालते?"
"नाही. उतारावर ही नुसती जड सायकल."
"मग ठीक," म्हणाले,
आणि मी सीटवर नीट बसेपर्यंत
एक पाय जमिनीला लावून
उभे राहिले.